‘द ग्रेट ट्रेन रॉबरी’ : एका मूकपटाचा पाठविचार

एडिसन कंपनीसाठीं एडविन पोर्टर यानें इ. स. १९०३ मध्यें सिद्ध केलेला हा सुमारें ७४० फूट लांबीचा दरोड्याचा मूकपट पाहून उठणाराच्या मनांत बहुधा एकच दृश्य राहतें. जस्टस बार्न्स या नटानें रंगविलेला दरोडेखोरांचा म्होरक्या छातीपर्यंत सर्व पडदा व्यापून उभा राहतो आणि थेट प्रेक्षकांच्या रोखानें पिस्तूल झाडतो. यापूर्वींच पाठलाग होऊन सर्व दरोडेखोर ठार झालेले असतात. तेव्हां मेलेल्या इसमास पुन्हा उठविण्यांत पोर्टरचा कांहीं गूढ हेतु असावा, असें म्हणण्याचा मोह टीकाकारास होतो.

परंतु जुन्या पोथ्या हाताळणारा वाचक आधीं हें पान येथलेंच काय, असें विचारील. त्याचें उत्तर कंपनीच्या विक्रीच्या सूचिपत्रांतच आहे. हें दृश्य आरंभीं किंवा शेवटीं, कोठेंही लावावें, अशी त्यांत मोकळीक दिली आहे. आपल्याकडे लेखनिक पदरचा श्लोक घुसडतो. येथें निर्मात्यानेंच एक सुटें पान जोडून त्याची जागा खेळ दाखविणाराच्या मर्जीवर सोपविली. आरंभीं लावल्यास ती अनोळखी माणसाची धमकी ठरते, शेवटीं लावल्यास मेलेल्याचें पुनरागमन. दोन्ही पाठ अधिकृतच आहेत. एकास मूळ व दुसऱ्यास क्षेपक ठरविण्याचा खटाटोप आमच्या मतें व्यर्थ होय. कांहीं प्रतींत स्फोटाचा धूर व नाचणाऱ्या स्त्रियांचे पोषाख हातानें रंगविलेले आढळतात, हा आणखी एक पाठभेद.

पोर्टरचें खरें कौशल्य अन्यत्र पाहावें. तार-कचेरीच्या खिडकींतून येणारी आगगाडी किंवा टपालाच्या डब्याच्या उघड्या दारांतून मागें पळणारा प्रदेश हीं वेगळीं घेतलेलीं चित्रें मूळ दृश्यांत बेमालूम बसविलीं आहेत. उलट, धांवत्या गाडीवरून जो माणूस फेंकला जातो तो बाहुला आहे, हें आज पोरासही कळेल!

अशा चित्रांच्या प्रतींचा इतिहासही संग्राहकांनीं लक्षांत घेण्याजोगा आहे. इ. स. १९१२ पर्यंत अमेरिकेच्या कायद्यांत चलच्चित्रांचा स्वतंत्र वर्ग नव्हता. म्हणून निर्माते सबंध चित्र कागदाच्या लांब पट्टीवर छापून छायाचित्रें या नात्यानें नोंदवीत. पुढें मूळ फिल्मा कुजल्या, जळाल्या. पण वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्यें कागदाचीं भेंडोळीं टिकलीं. त्यांवरून पुन्हा फिल्म उतरविण्याचें कष्टाचें काम इ. स. १९५० नंतर केंप निव्हर यांनीं केलें. ‘शेरलॉक होम्स बॅफल्ड’ हें इ. स. १९०० चें मिनिटाहूनही अल्प चित्र नष्ट झालें असेंच समजत, इ. स. १९६८ मध्यें तें या कागदी संग्रहांत ओळखलें गेलें. त्यांत चोर वारंवार अदृश्य होऊन अखेर गांठोड्यासह खिडकींतून पसार होतो, आणि होम्स पाहत राहतो.