वेढा आणि राज्यसंस्थेची अब्रू

घोडदळाच्या अमेरिकी चित्रपटांत वेढा पडतो तो केवळ सैनिकांना नव्हे, त्यांच्यामागील राज्यसंस्थेच्या प्रतिष्ठेलाही. जॉन फोर्डच्या ‘फोर्ट अपाचे’मध्ये (१९४८) कर्नल थर्सडे कॅप्टन योर्कचा सल्ला धुडकावून पलटण कोचीजच्या माऱ्यात नेतो आणि वेढल्या गेलेल्या आपल्या माणसांत परत येऊन त्यांच्यासह मरतो. पुढे सत्य ठाऊक असूनही योर्क पत्रकारांसमोर या नामुष्कीला पराक्रमच ठरवतो.

बंगळूरहून म्हैसूरकडे जाताना रामनगरचे खडक लागले, की हाच प्रश्न तेथे चित्रित झालेल्या ‘शोले’संबंधी (१९७५) मनात येतो. येथे वेढ्यात आहे ते गाव, आणि मदतीला घोडदळ नाही. एकेकाळचा पोलीस अधिकारी असलेला ठाकूरच दोन गुन्हेगारांना पैसे देऊन आणतो. पुलाशी एकटा थांबणारा जय पाहून मराठी प्रेक्षकाला पावनखिंड आठवावी, हे स्वाभाविक. परंतु बाजीप्रभूंचे कान विशाळगडावरील तोफांकडे, म्हणजे एका उदयोन्मुख राज्याकडे लागले होते. जयला वाट पाहायची आहे ती फक्त मित्राची.

रमेश सिप्पी यांनी चित्रित केलेल्या मूळ शेवटात ठाकूर गब्बरला ठार करतो. आणीबाणीतील सेन्सॉरला ते मानवले नाही. म्हणून ऐन क्षणी पोलीस येऊन कायद्याची आठवण देतात. जणू घोडदळ आले, पण सरकारी हुकमाने! योर्कचे असत्य फोर्डने असत्य म्हणूनच दाखवले. ‘शोले’तील तडजोड मात्र आपण कथेचा न्याय म्हणून स्वीकारली, आणि त्यात आम्हा समीक्षकांचाही वाटा आहे. २०२५ मध्ये इटलीतील बोलोन्या येथे मूळ शेवटाची पुनरुज्जीवित प्रत दाखवली गेली. तीत पोलीस येत नाहीत.