‘सोल’ म्हणजे आत्मा नव्हे

दलित साहित्याची चळवळ उभी राहत असताना रिचर्ड राइट, राल्फ एलिसन, जेम्स बाल्डविन ही नावे आपल्या चर्चांतून आणि नियतकालिकांतून सतत घेतली गेली. ‘दलित पँथर’ हे नावच मुळी अमेरिकेतील काळ्यांच्या संघटनेवरून आले. त्यांच्या कादंबऱ्या आपण वाचल्या, त्यांची आत्मकथने आपल्या आत्मकथनांशेजारी ठेवून पाहिली. पण हे लोक गात काय होते, नाचत कशावर होते, त्या गाण्यांच्या तबकड्या कोण काढीत होते आणि त्यांचा पैसा कोणाच्या खिशात जात होता, याकडे आपल्या समीक्षेने जवळजवळ पाठच फिरवली. ‘ब्लूज’चा उल्लेख अधूनमधून होई, तोही दुःखाचा दाखला म्हणून. १९६० नंतर जे ‘सोल’ आणि ‘फंक’ या नावांनी ओळखले गेले, ते नाचगाणे म्हणून वगळले गेले. ही केवळ नजरचूक आहे असे मला वाटत नाही. नकार आणि विद्रोह ही मूल्ये आपण मानली आणि ती मानायलाच हवी होती. पण ज्यात नकार ठळक अक्षरांत लिहिलेला नाही, ज्यात माणसे आनंदाने अंग घुसळतात, ते आपल्या कसोटीवर कुठे बसवायचे हे आपल्याला कळले नाही.

शिवाय शब्दाचीही अडचण आहे. ‘सोल’चे मराठी भाषांतर कोशात ‘आत्मा’ असे मिळते. आणि आत्मा म्हटले की आपण सावध होतो. ज्या धम्माने आत्मा नाकारला तो आपण १९५६ साली स्वीकारला. मग ‘आत्म्याच्या संगीता’शी आपले नाते काय, असा प्रश्न कोणीही विचारावा. परंतु हे भाषांतरच चूक आहे. १९६७ च्या जुलैमध्ये डेट्रॉइट शहर पेटले, तेव्हा काळ्यांच्या मालकीच्या इमारतींवर त्या जाळू नयेत म्हणून ‘सोल’ हा शब्द लिहिलेला होता. टेलिव्हिजनवर ती दृश्ये मेम्फिसच्या आयझॅक हेज या गीतकार-वादकाने पाहिली आणि त्यातून डेव्हिड पोर्टरच्या सोबतीने ‘सोल मॅन’ हे गाणे रचले. तेव्हा ‘सोल’ म्हणजे देहाबाहेरचे काही तत्त्व नव्हे. तो ‘आपला’ असल्याचा शिक्का आहे. आपल्या वस्तीत दारावर ‘जय भीम’ का लिहिलेले असते हे ज्याला ठाऊक आहे, त्याला हा शब्द भाषांतराशिवाय कळेल. फार तर ‘जीव’ म्हणावे. जीव ओतून गाणे म्हणतो त्या अर्थाने.

‘फंक’ची कथा याहून बोलकी आहे. हा शब्द मुळात दुर्गंधीचा, घामट अंगाच्या वासाचा. ज्याला नाक मुरडले जात होते, त्याचीच या लोकांनी कलेची कसोटी केली. गाणे पुरेसे ‘फंकी’ नसेल तर ते कच्चे! शिवीचे मूल्य होणे ही प्रक्रिया आपल्याला नवीन नाही. प्रस्थापितांनी गावकुसाबाहेर टाकलेली भाषा आपल्या कवींनी कवितेत आणली, तेव्हा त्यांनाही असेच नाक मुरडून वाचले गेले होते.

मेम्फिस हे टेनेसी राज्यातले, मिसिसिपी नदीकाठचे शहर; कापसाची मोठी बाजारपेठ. कापूस पिकवणारे हात काळे आणि पेढ्या गोऱ्यांच्या. १९४८ साली तिथल्या डब्ल्यू. डी. आय. ए. या नभोवाणी केंद्राने नॅट डी. विल्यम्स या काळ्या निवेदकाला ध्वनिक्षेपकासमोर बसवले आणि पुढे आपले सारे कार्यक्रमच काळ्या श्रोत्यांसाठी योजले. असे करणारे अमेरिकेतले ते पहिले केंद्र. मालक मात्र गोरे. विल्यम्स व्यवसायाने शिक्षक, बुकर टी. वॉशिंग्टन हायस्कूलमध्ये इतिहास शिकवीत. या एका शाळेतून मेम्फिसच्या संगीताला किती माणसे मिळाली हे पाहिले की वेगळ्या ठेवलेल्या काळ्यांच्या शाळा म्हणजे नुसता अंधार नव्हता हेही कळते. त्याच शाळेचा रूफस टॉमस याच केंद्रावर निवेदन करी आणि कापडाच्या कारखान्यात मजुरीही करी. तबकड्या निघू लागल्यानंतरही काही काळ त्याने ती नोकरी सोडली नव्हती. गिरणीचा भोंगा आणि शाहिराची डफ यांचे नाते ज्या मुंबईने पाहिले आहे, तिला यात नवल वाटणार नाही.

१९५७ मध्ये जिम स्टुअर्ट नावाच्या गोऱ्या बँक कर्मचाऱ्याने एक छोटी ध्वनिमुद्रण कंपनी काढली. त्याच्या बहिणीने, एस्टेल ॲक्स्टनने, घर गहाण टाकून यंत्र घेतले. १९६० मध्ये त्यांनी मॅक्लेमोर अव्हेन्यूवरचे बंद पडलेले कॅपिटल थिएटर भाड्याने घेतले. १९६१ मध्ये दोघांच्या आडनावांची आद्याक्षरे जोडून ‘स्टॅक्स’ हे नाव झाले. थिएटरचा उतार असलेला तळ तसाच राहिला. वादक त्या उतारावर बसून वाजवीत. खाऊविक्रीच्या जागी ॲक्स्टनबाईंनी तबकड्यांचे दुकान थाटले. वस्तीतली काळी पोरे तिथे येत, आणि नवी तबकडी लावून त्यांचे पाय हलतात की नाही हे बाई पाहत. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. या संगीताचा पहिला समीक्षक वस्तीतला पोरगा होता.

इथे बुकर टी. जोन्स, अल जॅक्सन, स्टीव्ह क्रॉपर आणि आधी लुई स्टाइनबर्ग, मग डोनाल्ड डन असा वादकवृंद जमला. स्टाइनबर्गच्या जागी डन आल्यावर दोन काळे, दोन गोरे. १९६२ ची त्यांची ‘ग्रीन ऑनियन्स’ ही रचना शब्दांवाचून आहे. जिथे एका नळावर पाणी पिता येत नव्हते, तिथे चौघे एका तालावर वाजवीत होते. या गोष्टीचे कौतुक गोऱ्या लेखकांनी इतके केले आहे की सगळे स्टॅक्स म्हणजे समतेचे एक नंदनवन होते असे वाटावे. कौतुक खोटे नाही, अपुरे आहे. एका पंगतीत बसणे आणि कोठाराची किल्ली हाती असणे यांत अंतर असते. सहभोजनांचा इतिहास ठाऊक असलेल्या आपल्याला तरी ते सांगावे लागू नये.

त्या संगीताच्या कलागुणांविषयी एक उदाहरण घेतो. ओटिस रेडिंग हा जॉर्जियातला गायक १९६२ मध्ये दुसऱ्या एका वादकाची गाडी हाकीत स्टॅक्सच्या दारात आला आणि उरलेल्या वेळात गाऊन गेला. त्याने १९६६ मध्ये ध्वनिमुद्रित केलेले ‘ट्राय अ लिटल टेंडरनेस’ हे मुळात १९३२ चे, गोऱ्यांच्या नाचघरांतले गुळगुळीत गाणे. रेडिंग ते जवळजवळ पुटपुटत सुरू करतो. अल जॅक्सनच्या काठीचा टकटक आवाज घड्याळासारखा मागून येतो. मग एकेक वाद्य दाखल होते, लय वाढत नाही पण दाटत जाते, आणि शेवटी शब्द मागे पडून नुसते हुंकार, तुटलेले उद्गार, पायांचे ठोके उरतात. भीमजयंतीच्या रात्री कव्वालीचा सामना रंगात येतो तेव्हा असेच होते. गायक ओळ सोडून देतो आणि एका शब्दावर मांडी ठोकून बसतो, आणि समोरचा समुदाय ती ओळ पुरी करतो. आपल्या समीक्षकांनी भीमगीतांचे शब्द तेवढे तपासले. त्या मांडी ठोकण्याचे सौंदर्यशास्त्र कोणी लिहिले नाही. वामनदादा कर्डकांचे गाणे हजारोंच्या सभेत काय करीत असे, ते छापील पानावरून कळत नाही.

रेडिंगचेच १९६५ चे ‘रिस्पेक्ट’ हे गाणे पाहावे. त्यात कामावरून घरी येणारा पुरुष बायकोकडे मानाची मागणी करतो. मेम्फिसमध्येच जन्मलेल्या अरेथा फ्रँकलिनने १९६७ मध्ये तेच गाणे घेतले, त्यात भर घातली आणि मागणी उलटवली. आता बाई पुरुषाकडे मान मागते. बाहेर माणुसकी मागणारा पुरुष घरात काय देतो, हा प्रश्न आपल्या स्त्रियांच्या आत्मकथनांनी पुढे आपल्यालाही विचारला. शंभर परिसंवादांत जे सुटले नसते ते तिथे एका गायिकेने गाणे हाती घेऊन सोडवले.

१० डिसेंबर १९६७ ला रेडिंग विमान अपघातात गेला. सोबत ‘बार-केज’ या वृंदातली चार कोवळी पोरेही गेली. आणि नंतरच्या चार महिन्यांत मेम्फिसचे जे झाले, ते आपण अधिक लक्ष देऊन वाचले पाहिजे, कारण ते सफाई कामगारांपासून सुरू होते. १ फेब्रुवारी १९६८ रोजी पाऊस चुकवण्यासाठी एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन काळे कामगार कचऱ्याच्या गाडीच्या मागच्या भागात शिरले. कचरा दाबणारे यंत्र अचानक सुरू झाले आणि दोघे चिरडून मेले. १२ फेब्रुवारीला सुमारे १३०० कामगारांनी काम बंद केले. त्यांच्या गळ्यात पाट्या होत्या: मी माणूस आहे. तेवढेच. पगारवाढ, संघटनेची मान्यता या मागण्या होत्याच. पण पाटीवर लिहिले ते हे. गटारात उतरून गुदमरणाऱ्या माणसांची नावे वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर आजही वाचणाऱ्या आपल्या समाजाला या पाटीचे रसग्रहण करून दाखवण्याची गरज नाही.

या संपासाठी मार्टिन ल्यूथर किंग मेम्फिसला आले आणि ४ एप्रिलला लॉरेन मोटेलच्या सज्जात त्यांना गोळी घातली गेली. आता हे लॉरेन मोटेल काय होते? काळ्यांना सन्मानाने उतरता येईल अशा तिथल्या थोड्या जागांपैकी एक, आणि म्हणूनच स्टॅक्सच्या काळ्या-गोऱ्या मंडळींची एकत्र बसण्याची जागा. ‘इन द मिडनाइट अवर’ आणि ‘नॉक ऑन वुड’ ही दोन प्रेमगीते त्याच मोटेलात बसून लिहिली गेली होती. इतिहासकार एका लॉरेनविषयी लिहितात, संगीताचे रसिक दुसऱ्या लॉरेनविषयी. जणू दोन इमारती होत्या. प्रेमगीत लिहिण्यासाठी ज्यांना शहरभर दुसरी खोली मिळत नव्हती, त्यांचे प्रेमगीतही त्या शहराच्या व्यवस्थेविषयीच काही सांगत असते; आपली समीक्षा मात्र विद्रोही कविता आणि प्रेमकविता यांची दोन खाती उघडून बसली आहे. या चुकीत मीही सामील होतो.

त्याच वसंतात स्टॅक्सवर दुसरा घाव बसला. वितरण पाहणाऱ्या न्यूयॉर्कच्या ‘अटलांटिक’ कंपनीशी करार संपवताना जिम स्टुअर्टला कळले की १९६५ च्या कागदावर त्याने नीट न वाचता सही केली होती, आणि त्या कलमान्वये अटलांटिकने वितरित केलेल्या साऱ्या मूळ मुद्रणांची मालकी अटलांटिककडे गेली होती. मालक फसला, हे खरे. पण ज्यांनी ती गाणी गायली त्यांच्याकडे त्या मुद्रणांची मालकी कधी नव्हतीच. त्यांचे गेले ते दोनदा.

यानंतर अल बेल हा काळा माणूस पुढे झाला. १९६९ मध्ये त्याने एका दमात २७ संग्रह बाजारात आणले. हेजच्या ‘हॉट बटर्ड सोल’मध्ये अवघी चार गाणी, तीन मिनिटांची मर्यादा झुगारलेली. मागे वाजवणारे बार-केज, म्हणजे अपघातातून उरलेल्या दोघांनी पुन्हा उभे केलेले. ‘शाफ्ट’च्या संगीतासाठी १९७२ मध्ये हेजला गीताचे ऑस्कर मिळाले. २० ऑगस्ट १९७२ रोजी लॉस एंजेलिसच्या मैदानावर एक डॉलर तिकीट ठेवून स्टॅक्सने ‘वॉटस्टॅक्स’ हा सोहळा केला. लाखाच्या वर माणसे आली. पाचच दिवस आधी, स्वातंत्र्याच्या पंचविशीला, राजा ढाले यांचा ‘साधने’तला लेख महाराष्ट्रात वादळ उठवीत होता. दोघांना एकमेकांची खबर नव्हती. वॉटस्टॅक्सला हेज उघड्या अंगावर सोन्याच्या साखळ्यांचा अंगरखा घालून आला. साखळदंडात आणलेल्यांच्या वारसाने साखळीच मिरवली. काही काळ्या विचारवंतांना हा भपका रुचणार नाही, पण बाबासाहेबांच्या सुटाबुटावर कोणी कोणी टीका केली हे ज्याला आठवते त्याने त्या अंगरख्यावर घाईने निकाल देऊ नये.

त्याच वर्षी बेल पूर्ण मालक झाला. मालकी काळी झाली, पण वितरण सी. बी. एस.कडे आणि कर्ज युनियन प्लँटर्स बँकेचे. डिसेंबर १९७५ मध्ये दिवाळखोरीच्या कारवाईत स्टुडिओला कुलूप लागले. बेलवर बँक फसवणुकीचा खटला भरला गेला. १९७६ मध्ये तो निर्दोष सुटला. तोवर कंपनी उरली नव्हती. १९७६ मध्येच हेजही दिवाळखोर झाला आणि आपल्या गाण्यांच्या पुढच्या मानधनावरचा हक्क गमावून बसला. विली मिशेलच्या ‘रॉयल’ स्टुडिओत अल ग्रीन आणि ॲन पीबल्स यांचे मऊ, दबक्या आवाजातले सोल या काळात बहरले होते. त्याचा स्वतंत्र विचार व्हायला हवा. इथे तेवढी जागा नाही. अल ग्रीनने पुढे मेम्फिसमध्येच चर्च विकत घेतले आणि तो धर्मोपदेशक झाला.

चर्चच्या गाण्यातून देव काढून त्या जागी माणूस बसवला म्हणून सोलवर पहिला राग चर्चचा होता. १९८१ मध्ये मॅक्लेमोर अव्हेन्यूवरची रिकामी इमारत दहा डॉलरला एका चर्चला दिली गेली. १९८९ मध्ये ती पाडली. बरीच वर्षे तिथे मोकळे मैदान होते. २००३ मध्ये त्याच जागी संग्रहालय उभे राहिले, शेजारी वस्तीतल्या मुलांसाठी संगीतशाळा निघाली. जुना स्टुडिओ जसाच्या तसा पुन्हा बांधताना त्यांनी तळाला उतार ठेवला आहे.