फल एक, लिहिण्याच्या तऱ्हा अनेक

गणिताच्या तासाला फ(क्ष) = क्ष² असे फळ्यावर लिहिले, तर मुलांना फारसे काही खटकत नाही. क्षला 5 ही किंमत दिली की 25 मिळतात, काम संपले. हेच फल संगणकाला सांगायचे म्हटले की प्रत्येक भाषेचा स्वभाव निराळा दिसू लागतो. हे फरक किरकोळ आहेत, एक भाषा आली की दुसरी आपोआप येते, असे नेहमी सांगितले जाते. आम्हांला ते मान्य नाही.

फोरट्रान ही भाषा 1957 सालची. 1958 च्या दुसऱ्या आवृत्तीपासून तिच्यात स्वतंत्र उपकार्यक्रम म्हणून फल लिहिता येऊ लागले. उत्तर द्यायचे ते फलाच्या नावालाच: 'वर्ग' या फलात 'वर्ग = क्ष गुणिले क्ष' अशी ओळ लिहायची. गणिताच्या वहीशी हे जुळते खरे. पण नावाचे पहिले अक्षर आय ते एन यांपैकी असेल आणि वेगळे काही सांगितले नसेल, तर उत्तर पूर्णांक धरले जाते. विद्यार्थिदशेत आम्ही वस्तुमान काढणाऱ्या फलाला 'मास' असे नाव दिले होते. 0.75 यायचे तेथे शून्य येत राहिले आणि दोन दिवस आम्ही सूत्रातच चूक शोधत बसलो. संगणकाने तक्रारीचा एक शब्दही काढला नाही.

निकलाउस विर्त यांच्या पास्कलने (1970) नावाला उत्तर देण्याची रीत तीच ठेवली, पण प्रकार लिहिणे सक्तीचे केले. उत्तर देणारे ते फंक्शन आणि नुसते काम करणारे ते प्रोसिजर, हा भेदही शब्दांतच राखला. डेनिस रिची यांच्या सी भाषेत (1972) तो पुसला गेला. तेथे सगळेच फंक्शन. उत्तर न देणाऱ्यासाठी 'व्हॉइड' हा शब्द पुढे आला. जुन्या सीमध्ये फलाला काय दिले याची तपासणीही होत नसे. वर्गमूळाच्या फलाला दशांश संख्येऐवजी 4 हा पूर्णांक दिला, तर भलतेच उत्तर येई. 1989 च्या अमेरिकन प्रमाणीकरणाने यावर उपाय दिला.

आता पायथन (1991). केंद्रीय मंडळाच्या अकरावी-बारावीला हीच भाषा शिकवतात. 'डेफ', नाव, कंस, विसर्गचिन्ह आणि शेवटी 'रिटर्न': वाचायला सर्वांत सोपी. आमचा आक्षेप नेमका या सोपेपणावर आहे. 'रिटर्न' लिहायचे राहिले तरी भाषा गप्प राहते आणि 'नन', म्हणजे 'काही नाही', हे उत्तर म्हणून देते. त्यात आमच्या पाहण्यातल्या पुस्तकांत फलाच्या पहिल्याच उदाहरणात 'प्रिंट' असते. पडद्यावर 25 दिसतात. विद्यार्थी खूश, शिक्षकही खूश. मग वर्ग(3) + वर्ग(4) करायला सांगा. पडद्यावर 9 आणि 16 उमटतात, आणि बेरजेच्या जागी चुकीचा संदेश येतो. दाखवणे आणि देणे यांतला फरक विद्यार्थ्याला कोणी सांगितलेलाच नसतो.

हास्केलमध्ये (1990) हा घोटाळा शक्यच नाही. 'वर्ग क्ष = क्ष * क्ष' एवढेच लिहायचे; ना कंस, ना 'रिटर्न'. पडद्यावर छापणे हा तेथे वेगळाच प्रकार मानला आहे आणि तो संख्येत मिसळू दिला जात नाही. अर्थात ही भाषाही निर्दोष नव्हे. 'वर्ग 3 + 1' याचे उत्तर तेथे 10 येते. 16 येईल असे समजणारा विद्यार्थी मूर्ख नसतो, त्याला कंसांची सवय असते. (लिस्पमध्ये कंस भरपूर, पण ते नावाच्याही बाहेर!)

शाळेत हास्केल शिकवा, असे आम्ही म्हणत नाही. पायथनच शिकवा, पण फलाचा पहिला धडा 'प्रिंट' न वापरता घ्या. मुलांनी लिहिलेले फल पडताळताना वर्ग(5) विचारू नका, वर्ग(वर्ग(2)) विचारा. 16 मिळाले नाहीत, तर फल अजून लिहून व्हायचे आहे.