'सांगत्ये ऐका' ते 'भूमिका'

हंसा वाडकर यांचे 'सांगत्ये ऐका' हे आत्मकथन (१९७०) आणि त्यावर आधारलेला श्याम बेनेगल यांचा 'भूमिका' (१९७७) यांची तुलना बहुधा मूळाशी असलेल्या इमानाच्या निकषावर केली जाते. हा निकष अपुरा आहे. खरा प्रश्न निवेदनाच्या मालकीचा आहे. 'सांगत्ये' या क्रियापदात बोलणारी स्त्री आहे आणि 'ऐका' मध्ये श्रोत्याला केलेली आज्ञा. 'भूमिका' या नामात मात्र बोलणारे कोणीच नाही.

चित्रपटाचे बळ उषा आणि केशव यांच्या संबंधाच्या चित्रणात आहे. केशव तिला अभिनयापासून रोखत नाही. तिच्या मिळकतीवर तो जगतो, तिच्या कामाचे करार जुळवतो, राजनबरोबर तिला उभे करतो आणि त्याच राजनवरून तिच्यावर संशय घेतो. प्रेम, उपकार आणि व्यवहार एकाच वहीत लिहिले गेल्यामुळे उषेला यातले एकच काही नाकारता येत नाही. येथे अमोल पालेकरांची निवडही अर्थपूर्ण ठरते. 'रजनीगंधा' (१९७४) मधला तो निरुपद्रवी मध्यमवर्गीय चेहरा प्रेक्षकाच्या मनात असतो, आणि म्हणूनच केशवचे लाघवी बोलणे अधिक भयावह वाटते. हा खलनायक नाही. हा घरातलाच माणूस आहे.

पुढील पुरुषांबाबत मात्र पटकथा घाई करते. सुनील वर्मा हा माणसापेक्षा वृत्ती अधिक आहे. काळ्यांचा वाडा तर जवळजवळ रूपकच. तेथील अंथरुणाला खिळलेली पत्नी चित्रपटाचा सिद्धान्त स्वतःच उच्चारून टाकते, त्यामुळे स्मिता पाटील यांनी देहबोलीतून सूचित केलेले काहीसे व्यर्थ जाते. (संवादलेखकांना प्रेक्षकावर एवढा अविश्वास का असावा?)

उषेचे गतायुष्य कृष्णधवल चित्रणात येते. तिची स्मृती अशा रीतीने चित्रपटमाध्यमाच्याच स्मृतीत मिसळते. ही योजना देखणी आहे, पण स्मरण करणारी कोण, हे त्यात पुसट होते.

अर्थात आत्मकथनातला आवाजही निर्भेळ नाही. वाडकरांनी सांगितले, शब्दांकन अरुण साधूंनी केले. तरीही त्या पानांतली स्त्री समोरच्याला धरून बोलते, स्वतःलाही सोडत नाही. 'भूमिका'च्या शेवटी हॉटेलच्या खोलीत एकटी उरलेली उषा बोलत नाही. तिच्या या मौनाला स्वातंत्र्य म्हणण्याची घाई समीक्षेने केली. ज्या बाईच्या पुस्तकाचे नावच 'सांगत्ये ऐका' आहे, तिच्या बाबतीत ती घाई अधिकच खटकते.