कादंबरी ऐकणारा माणूस

कादंबरी नेमके काय करते, हा प्रश्न ई. एम. फॉर्स्टर आधी तीन माणसांना विचारून पाहतो. पहिला मनमोकळा आणि जरासा भोंगळ, बहुधा बस चालवणारा. प्रश्नावर तो फारसा विचार करत नाही. गोष्टबिष्ट सांगत असेल, असे म्हणून पुढे निघून जातो. दुसरा गोल्फच्या मैदानावर उभा आहे. गोष्ट हवी म्हणजे हवी, बाकीची कला तुमची तुम्हाला लखलाभ, असे तो ठणकावतो. तिसऱ्याचे उत्तरही तेच आहे, पण ते सुस्काऱ्यासोबत येते. होय बाबा, गोष्ट सांगते खरी, अशी ती नाइलाजाची कबुली असते, आणि हा तिसरा आवाज खुद्द फॉर्स्टरचा. तिघांच्या उत्तरांतला आशय तंतोतंत एक आहे, फरक आहे तो केवळ स्वरात. १९२७ मध्ये केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात क्लार्क व्याख्यानमालेसाठी उभ्या राहिलेल्या या कादंबरीकाराकडून विद्वज्जनांनी व्याख्यांची आणि वर्गीकरणांची अपेक्षा केली असेल, आणि हा गृहस्थ नकला करतो आहे! पण नक्कल हे ऐकणाऱ्याचे लक्षण असते. त्याच वर्षी 'ॲस्पेक्ट्स ऑफ द नॉव्हेल' या नावाने ग्रंथरूप झालेली ही व्याख्याने आपण सावकाश वाचू लागलो, की ध्यानात येते की कादंबरीच्या कलेविषयीचे हे पुस्तक आधी कानाने रचले गेले आहे.

या विषयावरच्या पुस्तकांची एक ठरलेली प्रकृती असते. आपल्याकडे ना. सी. फडक्यांच्या 'प्रतिभासाधना'ने लिहू पाहणाऱ्या पिढीला तंत्राची गोडी लावली. इंग्रजीत पर्सी लबकच्या १९२१ च्या 'द क्राफ्ट ऑफ फिक्शन'ने निवेदक कुठे उभा आहे आणि कोणाच्या डोळ्यांनी पाहतो आहे, या प्रश्नाला सर्व कलेच्या केंद्रस्थानी बसवले. लबकचे पुस्तक विलक्षण शिस्तीचे आहे आणि फॉर्स्टर त्याचा आदराने उल्लेखही करतो. पण लेखकाने दृष्टिकोन मध्येच बदलला तरी वाचकाला ते पटवून देण्याची ताकद त्याच्यात असली की झाले, असे म्हणून तो नियमांच्या त्या दरबारातून हळूच काढता पाय घेतो. मला हा उद्धटपणा फार आवडतो. तो अज्ञानातून आलेला नाही, पाच कादंबऱ्या लिहून झाल्यावरचा आहे.

आरंभीच त्याने उभारलेली एक खोली आहे. ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयासारख्या एका गोल दालनात इंग्रजीतले सगळे कादंबरीकार एकाच वेळी लिहीत बसले आहेत, अशी कल्पना करायला तो आपल्याला सांगतो. मग लेखकाचे नाव न सांगता तो दोन-दोन उतारे वाचून दाखवतो. हे दोघे शेजारीशेजारी बसून लिहीत असावेत असे आपल्याला वाटू लागते न लागते, तोच तो नावे उघड करतो, तर एक निघतो अठराव्या शतकातला रिचर्डसन आणि दुसरा हेन्री जेम्स. एक स्टर्न आणि दुसरी व्हर्जिनिया वुल्फ. इतिहासकार ज्यांना कालखंडांच्या भिंतींनी वेगळे करतो, त्यांना हा श्रोता आवाजाच्या जातकुळीवरून एकत्र बसवतो. काळाच्या क्रमाने साहित्य शिकलेल्या आपल्यासारख्यांना या खोलीत शिरताना आधी थोडे बिचकायला होते आणि मग मोकळे वाटते.

गोष्टीविषयीचे त्याचे व्याख्यान तर आवाजाचेच व्याख्यान आहे. गोष्ट म्हणजे काळाच्या ओघात एकामागून एक घडणाऱ्या घटना, आणि तिचा एकमेव गुण म्हणजे पुढे काय होणार याची उत्सुकता. शिकारीने दमलेले आदिमानव शेकोटीभोवती बसले आहेत आणि सांगणाऱ्याने उत्सुकता ताणून धरली नाही, तर ते एक तर झोपी जातील नाही तर त्याचाच जीव घेतील, असे गमतीदार चित्र तो रंगवतो आणि तिथून थेट शहरजादपाशी येतो. गोष्टीला तो कनिष्ठ प्रतीचा जीव मानतो, पट्टकृमीची उपमा देऊन तिची यथेच्छ टवाळी करतो. आणि एवढे सगळे झाल्यावर, जवळजवळ जाता जाता, एक मोलाची गोष्ट तिच्या पदरात टाकतो. कादंबरीत मोठ्याने वाचून दाखवण्याची ओढ असलेला जो अंश असतो, तो गोष्टीचा. सांगणाऱ्याचा आवाज तिच्यातच वस्तीला असतो. जिची हेटाळणी केली, तिच्याच हाती त्याने स्वतःची सर्वांत आवडती वस्तू सोपवली आहे, ही विसंगती मला या पुस्तकातली सर्वांत लोभस जागा वाटते.

राजा-राणीच्या मृत्यूचे त्याचे उदाहरण पाठ्यपुस्तकांनी इतके घासले आहे की त्याची झिलई उडाली. दोन मृत्यू एकापुढे एक नोंदवले की गोष्ट. दुसऱ्याच्या मुळाशी पहिल्याचा शोक ठेवला की कथानक. सगळे इथेच थांबतात. फॉर्स्टर मात्र आणखी एक पाऊल टाकतो. राणी गेली, कारण कोणालाच उमगले नाही, आणि पुष्कळ नंतर कळले की राजाच्या मृत्यूच्या शोकाने ती गेली होती, अशी तो त्याच वाक्याची उलटापालट करतो. घटना त्याच, कार्यकारणही तेच, पण आता मधे एक विराम आला आहे. त्या विरामात वाचकाला काहीतरी लक्षात ठेवावे लागते आणि ते पुढच्या उलगड्याशी जुळवावे लागते. कथानकाला केवळ उत्सुक श्रोता पुरत नाही, त्याला स्मरण असलेला श्रोता हवा, हे तो इथे सुचवतो. आणि हे स्मरण पुढे लयीच्या व्याख्यानात त्याच्या कामी येणार आहे.

सपाट आणि गोलाकार पात्रांची विभागणी तर त्याच्या नावावरच जमा झाली आहे. पण ती वाचावी कशी, हे 'मॅन्सफिल्ड पार्क'मधल्या लेडी बर्ट्रमपाशी आल्यावर कळते. ही बाई सोफ्यावर बसलेली, शेजारी तिचा पग जातीचा कुत्रा. स्वभाव प्रेमळ, पण कोणत्याही दगदगीची तयारी नाही. एका वाक्यात मावणारे, म्हणजे अगदी सपाट पात्र. पुढे तिच्या दोन्ही मुली घराण्याला काळिमा लावून निघून जातात, तेव्हा जेन ऑस्टिन लिहिते की बाईंनी फार खोलवर विचार केला नाही, पण पतीच्या मार्गदर्शनाखाली महत्त्वाच्या मुद्द्यांवर योग्य तोच विचार केला. या वाक्यातला नीतीचा करडा सूर आपल्याला पूर्वी खटकत असे, असे फॉर्स्टर मोकळेपणाने सांगतो, आणि मग ते वाक्य पुनःपुन्हा ऐकत राहतो. त्याच्या ध्यानात येते की त्या एका वाक्यापुरती सपाट चकती फुगून तिचा छोटा गोल झाला आहे आणि वाक्य संपताच बाई पूर्ववत सोफ्यावर आणि कुत्र्यापाशी परतली आहे. एका वाक्याचा सूर किंचित बदलला म्हणून एका पात्राला क्षणभर खोली आली, हे पकडायला केवढा तयार कान लागत असेल! पात्र गोलाकार आहे की नाही, याची त्याची कसोटीही अशीच चोख आहे: ते आपल्याला पटेल अशा रीतीने चकित करू शकते का? ऑस्टिनची सगळीच माणसे, वेळ आली तर, तसे करायला सज्ज असतात, असे त्याचे म्हणणे.

सगळीच व्याख्याने अशी नाहीत. अद्भुताच्या प्रकरणात नॉर्मन मॅटसन नावाच्या लेखकाच्या एका कादंबरीचे सार तो पानेच्या पाने सांगत बसतो, आणि जॉइसच्या 'युलिसीस'कडे बघताना त्याच्या कपाळाला आठ्या पडतात. इथे आपण पाने जरा लगबगीने उलटली तरी चालेल. त्यानंतरचे प्रकरण मात्र डोस्टोयव्हस्की, मेल्व्हिल, एमिली ब्रॉन्टी आणि डी. एच. लॉरेन्स यांच्याविषयी आहे, आणि त्यांच्या ठायी जी ऋषितुल्य वाणी आहे तिचे वर्णन तो एका विशिष्ट स्वराच्या परिभाषेतच करतो. हे लेखक काय सांगतात हे महत्त्वाचे नाही, ते गायला लागणार अशी चाहूल लागते आणि त्या चाहुलीने कादंबरीचा सारा संसार कंपित होतो, असा त्याचा आशय आहे.

आता आपण आकृती आणि लय यांच्या व्याख्यानाशी पोचतो. हेन्री जेम्सच्या 'द ॲम्बॅसडर्स'ची आकृती वाळूच्या घड्याळाची. स्ट्रेदर आणि चॅड पॅरिसच्या त्या अरुंद मध्यातून जातात आणि एकमेकांच्या जागी येऊन थांबतात. आकृती निर्दोष आहे, पण तिच्यात मावावे म्हणून माणसांचे केवढे तरी जगणे छाटून टाकावे लागते, ही फॉर्स्टरची तक्रार. याउलट मार्सेल प्रूस्त. त्याच्या प्रदीर्घ कादंबरीचा अखेरचा भाग या व्याख्यानांच्या वेळी प्रसिद्धही झाला नव्हता, आणि तिला बाह्य आकार असा कधी येणारच नाही, असे फॉर्स्टर बेधडक सांगतो. तरी ती विस्कटत नाही, कारण विंतेय नावाच्या संगीतकाराच्या रचनेतला एक छोटासा स्वरसमूह तिला आतून टाके घालतो. तो कधी एखाद्या पात्राचे सर्वस्व होतो, कधी शेकडो पाने विस्मृतीत पडून राहतो आणि मग अचानक नव्या अर्थाने उगवतो. ध्रुवपदासारखे ते ठरल्या जागी परतणे नव्हे. अशी लय आधी आखता येत नाही, योग्य अंतर पडले की त्या जागेच्या प्रेरणेनेच ती उमटावी लागते, असे तो बजावतो.

हे सांगताना तो स्वतःच्या कादंबऱ्यांना पुरते बाजूला ठेवतो, पण आपण मराठी वाचकांनी इतके संकोची असण्याचे कारण नाही. १९२१ मध्ये फॉर्स्टर काही महिने माळव्यातल्या देवास थोरल्या पातीत तुकोजीराव पवारांचा खासगी चिटणीस होता. हे मराठा संस्थान. तुकोजीरावांचा विवाह कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या कन्येशी झालेला. तिथली गोकुळाष्टमी त्याने पाहिली, घरच्या पत्रांतून तिची सविस्तर वर्णने केली (ती पुढे १९५३ च्या 'द हिल ऑफ देवी'त आली), आणि १९२४ च्या 'अ पॅसेज टू इंडिया'चा शेवटचा भाग तिच्यावर उभारला. त्या उत्सवात दक्षिणी ब्राह्मण प्रोफेसर गोडबोले तुकारामाचे नाव घेत भजनात रंगले आहेत.

या कादंबरीच्या आरंभी मिसेस मूर खुंटीला झगा अडकवायला जातात आणि खुंटीच्या टोकाशी झोपलेली गांधीलमाशी पाहून तिच्याशी मायेने बोलतात. लगेच पुढच्या प्रकरणात दोन मिशनरी देवाघरी कोणाकोणाला जागा मिळेल याची चर्चा करतात; माकडांपर्यंत ठीक असते, गांधीलमाशीपाशी त्यातला उदार पाद्रीही अडखळतो. त्यानंतर ती माशी नाहीशी होते. तिच्याशिवाय मराबारच्या गुहा येतात, खटला येतो, मिसेस मूर समुद्रावर मरण पावतात, आणि आपण तिला साफ विसरतो. मग त्या भजनात गोडबोल्यांना कधीतरी भेटलेली एक वृद्धा आठवते, आणि तिच्या पाठोपाठ, कुठे पाहिली हेही न आठवणारी एक गांधीलमाशी. ती वृद्धा म्हणजे मिसेस मूर, पण त्यांच्या खुंटीवरच्या माशीची गोडबोल्यांना गंधवार्ताही नाही. ती जोड आपल्या कानाने लावायची आहे. विंतेयच्या स्वरसमूहाविषयी फॉर्स्टर जे तीन वर्षांनी केंब्रिजमध्ये सांगणार होता, ते त्याने इथे आधीच करून ठेवले आहे.

आणि इथे तो आणखी एक नाजूक काम करतो. वृद्धेला आणि माशीला मनाने सहज ईश्वरापर्यंत नेल्यावर गोडबोले, ती माशी ज्यावर बसली होती त्या दगडालाही कवेत घेऊ पाहतात. ते जमत नाही. वृद्धा आणि माशी आपणहून आल्या होत्या, दगड मात्र तर्काने आणि प्रयत्नाने ओढून आणलेला होता, असे फॉर्स्टर तिथेच नमूद करतो. लय आखून आणता येत नाही, हे व्याख्यानातले विधान आपण वाचतो तेव्हा त्यातला अधिकार त्या दगडापाशी कमावलेला असतो. आणि गोडबोले तोवर लाल गालिच्यावर परत आलेले असतात आणि आपण नाचतो आहोत हे त्यांच्या ध्यानात येते.