बेकरीचा प्रश्न आणि वरवंडचा पाऊस

सिम्युलेशनचं प्रकरण तुम्ही एमएस्सीला केलं असेलच. बेकरीत रोज किती केक खपतात त्याचा तक्ता दिलेला असतो. 00 ते 99 हे अंक त्या तक्त्याच्या प्रमाणात वाटायचे, पुस्तकाने दिलेले दहा यादृच्छिक अंक घ्यायचे, दहा दिवसांची मागणी लिहायची, सरासरी काढली की पूर्ण मार्क. माझी तक्रार या प्रकरणाबद्दल आहे. कारण संशोधनाला लागल्यावरही आपण तेच करत राहतो, फक्त संगणकाकडून आणि दहा हजार वेळा.

शक्यतेच्या प्रमाणात अंक वाटायचे ही कल्पना सुरेखच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण बेकरी सोडा, आमच्या वरवंडला या. दौंड तालुका, पर्जन्यछायेचा पट्टा. बाजरी पेरल्यावर पावसाने दहा दिवस दडी मारली की दुबार पेरणी, म्हणजे बियाणं, मजुरी सगळं पुन्हा. ही दडी किती वेळा बसेल, हे सिम्युलेशनने काढू.

समजा, 40 टक्के दिवस पावसाचे (आकडे सोयीसाठी घेतलेत, वेधशाळेचे नाहीत). पुस्तकी पद्धतीने 00 ते 39 ला पाऊस, 40 ते 99 ला कोरडा दिवस. पेरणीनंतरचे दहाही दिवस कोरडे जाण्याची शक्यता 0.6 चा दहावा घात, सुमारे 0.006. हजारात सहा. निवांत पेरा!

पण पाऊस रोज नव्याने नाणं उडवत नाही. आला की दोन-चार दिवस रेंगाळतो, गेला की गेला. गावात कुणालाही विचारा. गॅब्रिएल आणि नॉयमन यांनी 1962 मध्ये तेल अवीवच्या रोजच्या पावसाला मार्कोव्ह साखळी लावली, ती याच कारणाने: आजची शक्यता काल पाऊस होता की नाही यावर ठरते.

मग तक्ते दोन करा. काल पाऊस असेल तर 00 ते 69 ला पाऊस. काल कोरडा असेल तर फक्त 00 ते 19 ला. दीर्घ काळात पावसाचे दिवस 40 टक्केच भरतात, कागदावर करून बघा. दहा दिवसांची दडी मात्र आता 0.6 गुणिले 0.8 चा नववा घात, म्हणजे 0.08. शंभरात आठ. तेरा पट फरक, आणि सरासरी तीच! पुस्तक आपल्याला तपासायला लावतं ती नेमकी सरासरीच. यादृच्छिक अंकांचा यात काही दोष नाही; दिवस एकमेकांपासून स्वतंत्र आहेत हे आपण न बोलता गृहीत धरलं. (बेकरीतही नाताळच्या आठवड्यात ते खरं नसतंच.)

दुसरी खोट, दहा अंकांवर थांबण्याची. दहा दिवसांत पावसाचे 4 अपेक्षित असताना 2 किंवा 6 आले तरी नवल नाही. हजारात सहाची घटना तर 100 वेळा सिम्युलेशन चालवूनही एकदाही न दिसण्याची शक्यता 55 टक्क्यांच्या आसपास. चूक निम्मी करायची तर फेऱ्या चौपट लागतात, हे त्या प्रकरणात एका ओळीत सांगता आलं असतं.

माझ्या पहिल्या सेमिनारला मी एकाच तक्त्यावरचा आलेख दाखवला होता. सरासरी जुळली म्हणून सगळ्यांनी माना डोलावल्या, मीसुद्धा. आता मी दोन्ही तक्ते चालवते, प्रत्येक फेरीतली सर्वांत लांब दडी मोजते, आणि बीजांक वहीत लिहून ठेवते, म्हणजे कुणी विचारलं तर तेच अंक पुन्हा काढता येतात.