पडद्यावरील दुःख आणि मुक्तीचा मार्ग : तीन मालिकांचा विचार

आंतरजालावरून घरोघरी पोहोचणाऱ्या मालिकांची चर्चा या नियतकालिकात कशासाठी, असा प्रश्न आमचे काही वाचक विचारतील. प्रश्न रास्त आहे. परंतु आपल्या समाजातील तरुण-तरुणी आज जितका वेळ ग्रंथवाचनास देतात, त्याहून कितीतरी अधिक वेळ या मालिका पाहण्यात घालवितात, ही वस्तुस्थिती नाकारून चालणार नाही. शिवाय गेल्या काही वर्षांत यांपैकी निवडक मालिकांनी जातिव्यवस्थेचा विषय उघडपणे हाती घेतला आहे, आणि एका मालिकेत तर बौद्ध पद्धतीचा मंगल परिणय देशोदेशीच्या प्रेक्षकांसमोर आला. अशा वेळी केवळ 'आपला विषय आला' म्हणून आनंद मानणे किंवा 'हे सारे मनोरंजन' म्हणून पाठ फिरविणे, या दोन्ही भूमिका आम्हांला अपुऱ्या वाटतात. 'पाताल लोक', 'दहाड' आणि 'मेड इन हेवन' या प्राइम व्हिडिओवरील तीन हिंदी मालिका आम्ही पाहिल्या. त्यांविषयीचे आमचे मत येथे मांडीत आहोत.

मत मांडण्यापूर्वी कसोटी कोणती, हे सांगणे आवश्यक आहे. जगात दुःख आहे हे ओळखणे आणि ते नाहीसे करण्याचा मार्ग दाखविणे हा धम्माचा पाया होय, असे विवेचन बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात केले आहे. यांतील केवळ पहिली गोष्ट करणारी कलाकृती प्रेक्षकाच्या मनात दया उत्पन्न करते. दया करणारा वर आणि दयेचा विषय झालेला खाली, ही रचना तशीच राहते. दोन-अडीच तासांच्या चित्रपटाला वेळेची सबब सांगता येते. आठ-नऊ भागांच्या मालिकेला ती सांगता येत नाही. म्हणून आमची अपेक्षा अधिक आहे.

'पाताल लोक'चे पहिले पर्व १५ मे २०२० रोजी प्रदर्शित झाले. सुदीप शर्मा हे तिचे निर्माते-लेखक. दिग्दर्शन 'किल्ला' या मराठी चित्रपटामुळे आपणांस परिचित असलेले अविनाश अरुण आणि प्रोसित रॉय यांचे. दिल्लीतील एका नामवंत पत्रकाराच्या हत्येच्या कटाबद्दल चौघांना अटक होते आणि जयदीप अहलावत यांनी साकारलेला हाथीराम चौधरी हा पोलीस अधिकारी त्यांच्या पूर्वायुष्याचा शोध घेत जातो. या मालिकेचे मोठे सामर्थ्य असे की, ती गुन्हेगार दाखवून थांबत नाही, तर गुन्ह्याची कारणपरंपरा उलगडते. कारणावाचून कार्य नाही, हे सूत्र बौद्ध वाचकास नवे नाही. पण पोलिसी कथेत ते इतक्या निष्ठेने क्वचितच पाळले जाते. दलितांच्या घरी जेवून येणारा आणि नंतर गंगाजलाने स्वतःस शुद्ध करून घेणारा पुढारी या मालिकेत आहे. अस्पृश्यता संपली असे सांगणाऱ्यांना तो एक प्रसंग पुरेसे उत्तर देतो.

मात्र याच मालिकेतील तोपसिंग या पंजाबातील दलित तरुणाची कथा पाहताना आम्ही अस्वस्थ झालो. वर्षानुवर्षे जातीवरून होणारी अवहेलना असह्य होऊन तो शस्त्र उचलतो आणि पळून जातो. त्याचा सूड त्याच्या आईवर उगविला जातो. वैराने वैर वाढते, ही तथागतांची शिकवण येथे आठवते. परंतु ती केवळ पीडितास ऐकविण्याची नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. आमचा आक्षेप निराळा आहे. त्या मातेवरील अत्याचार मुलाच्या कथेची एक पायरी म्हणून येतो आणि कथा पुढे निघून जाते. ती स्त्री नंतर काय बोलली, तिने तक्रार केली काय, तिच्या पाठीशी कोणी उभे राहिले काय, हे विचारण्याची गरज लेखकांना वाटली नाही. जिच्यावर सर्वांत मोठा अन्याय झाला, तिलाच या कथेत वाणी नाही.

'दहाड' १२ मे २०२३ रोजी आली. रीमा कागती आणि झोया अख्तर या तिच्या निर्मात्या. त्याच वर्षी फेब्रुवारीत बर्लिनच्या चित्रपट महोत्सवातील मालिकांच्या स्पर्धेत ती दाखविली गेली होती. राजस्थानातील मंडावा येथील पोलीस उपनिरीक्षक अंजली भाटी (सोनाक्षी सिन्हा) ही नायिका. गरीब घरांतील, हुंड्याअभावी विवाह लांबलेल्या तरुणींना लग्नाचे आमिष दाखवून विष देणाऱ्या एका खुन्याचा शोध हा कथाविषय. सज्जन प्राध्यापक म्हणून वावरणाऱ्या या खुन्याची भूमिका विजय वर्मा यांनी केली आहे.

या मालिकेतील दोन गोष्टी आम्हांला विशेष मोलाच्या वाटतात. पहिली, कचेरीतून अंजली गेली की तिच्यामागे उदबत्ती लावणारा हवालदार. तो शिवी देत नाही, वाद घालीत नाही. निमूटपणे उदबत्ती लावतो. शहरी, सुशिक्षित वातावरणातील अस्पृश्यता अशीच असते. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. एका दलित तरुणीचा भाऊ बहीण बेपत्ता झाल्याची तक्रार घेऊन येतो, तेव्हा त्याच्याकडे कोणी लक्ष देत नाही. ठाकूर घराण्यातील मुलगी मुसलमान तरुणाबरोबर पळून गेली म्हणून गावात गदारोळ उठतो, तेव्हा हा भाऊही आपल्या बहिणीस मुसलमानानेच पळविले असे सांगतो, आणि मग यंत्रणा हलते. दलित स्त्रीच्या जिवाला स्वतःचे मोल नाही. कोणाच्या तरी द्वेषाला उपयोगी पडल्यावरच तिची नोंद होते. हे विदारक सत्य मालिकेने कोणतेही भाषण न करता सांगितले आहे.

अंजलीचे कुटुंब मूळचे मेघवाल. जात लपावी म्हणून वडिलांनी 'भाटी' हे आडनाव घेतलेले. शेवटी ती पुन्हा मेघवाल हे नाव धारण करते. या प्रसंगाचे सर्वत्र कौतुक झाले. भीती टाकून दिली म्हणून आम्हीही त्याचे स्वागत करतो. परंतु महाराष्ट्रातील वाचकाच्या मनात येथे एक विचार आल्यावाचून राहणार नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांसमवेत ज्या लाखो लोकांनी दीक्षा घेतली, त्यांनी जात लपविली नाही आणि जातीच्या नावाकडे परतही गेले नाहीत. त्यांनी ती ओळखच नाकारून नवी ओळख स्वीकारली. लपविणे आणि मिरविणे यांखेरीज तिसरा मार्ग आहे, याची जाणीव या मालिकेला नाही. राजस्थानातील मेघवाल तरुणीने नागपूरची वाट धरावी, असा आमचा हट्ट नाही. पण जात उघड सांगणे हा मुक्तीचा आरंभ आहे, शेवट नव्हे, एवढे म्हणणे भाग आहे.

'मेड इन हेवन' ही दिल्लीतील श्रीमंतांचे विवाहसोहळे आखणाऱ्या व्यावसायिकांची कथा. ऑगस्ट २०२३ मध्ये आलेल्या तिच्या दुसऱ्या पर्वाचा पाचवा भाग नीरज घायवान यांनी दिग्दर्शित केला. 'मसान'चे हे दिग्दर्शक आपली दलित ओळख उघडपणे सांगतात. परदेशी शिकलेली, लेखिका म्हणून नाव मिळविलेली पल्लवी मेंके (राधिका आपटे) आपला विवाह बौद्ध पद्धतीने व्हावा असा आग्रह धरते. शुभ्र वस्त्रातील वधू, तथागत आणि बाबासाहेब यांच्या प्रतिमा, साधा विधी, हे दृश्य हिंदी मालिकेत इतक्या आदराने आम्ही यापूर्वी पाहिले नव्हते. दलित स्त्री पडद्यावर येते ती बहुधा रडण्यासाठी. येथे ती आनंदी आहे आणि तो आनंद तिने स्वतःच्या अटींवर मिळविला आहे. ॲड. प्रकाश आंबेडकर यांनीही या भागाची जाहीर प्रशंसा केली.

तथापि दोन आक्षेप नोंदविणे आवश्यक आहे. 'कमिंग आउट ॲज दलित' (२०१९) या ग्रंथाच्या लेखिका याशिका दत्त यांनी, पल्लवीच्या व्यक्तिरेखेत आपल्या जीवनाचे व विचारांचे अंश आहेत, पण श्रेय दिले नाही, असे जाहीरपणे म्हटले. निर्मात्यांनी ते नाकारले. न्यायनिवाडा करण्याचा अधिकार आमचा नाही. परंतु आपल्या श्रमावर दुसऱ्याचे नाव लागणे, हा अनुभव ज्या समाजाच्या इतिहासात पिढ्यान्‌पिढ्या आहे, त्या समाजातील लेखिकेने श्रेयाचा प्रश्न काढल्यावर तो मोकळ्या मनाने ऐकला जाणे, ही किमान अपेक्षा होय.

दुसरा आक्षेप विधीविषयी आहे. आपला मंगल परिणय साधा असतो तो सौंदर्यदृष्टीमुळे नव्हे. कर्ज, हुंडा आणि पुरोहित या तिन्ही ओझ्यांतून गरीब कुटुंबाची सुटका व्हावी, म्हणून तो साधा आहे. त्रिसरण-पंचशील ग्रहण करून वधूवर परस्परांस प्रतिज्ञा देतात. दोघांचे स्थान समान असते. हा अर्थ या भागात कोठेही उच्चारला जात नाही. प्रत्येक भागात एक निराळा थाटाचा विवाह दाखविणाऱ्या मालिकेत बौद्ध विवाहही त्यांतील एक प्रकार होऊन बसतो, आणि कथेचा सारा ताण वरपक्ष हा विधी मान्य करील काय, या एकाच प्रश्नावर उभा राहतो. याच दिग्दर्शकाची, २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर 'अजीब दास्तान्स' या चित्रपटमालेत आलेली 'गीली पुच्ची' ही लघुकथा आम्हांला अधिक सखोल वाटते. तीमधील कारखान्यात काम करणारी भारती मंडल कोणाच्या संमतीची वाट पाहत नाही. तिचे वर्तन सर्वस्वी निर्दोष नाही. पण दलित व्यक्तिरेखा निर्दोष असली तरच तिला न्याय मागता येतो, ही छुपी अट ती कथा झुगारून देते.

या तिन्ही मालिकांत मिळून एक उणीव आम्हांला तीव्रतेने जाणवली. तोपसिंग, अंजली, पल्लवी ही सारी माणसे एकएकटी आहेत. वस्ती, विहार, महिला मंडळ, वसतिगृह, वाचनालय, जयंतीची समिती यांपैकी काहीही त्यांच्या लढ्यामागे उभे असलेले दिसत नाही. वास्तविक आपल्या समाजातील जो कोणी शिकून वर आला, तो या संस्थांच्या आधाराने आला. एकट्या व्यक्तीचे धैर्य दाखविणे लेखकास सोपे जाते. चळवळ दाखवावयाची तर ती आतून ठाऊक असावी लागते. ज्यांच्या जीवनाची कथा सांगितली जाते, त्यांच्यापैकी किती जण लेखनाच्या बैठकीस बसतात, हा प्रश्न म्हणूनच कळीचा आहे.

वाचकांनी या मालिका अवश्य पाहाव्यात. 'दहाड' प्रथम पाहावी, असे आम्ही सुचवू. त्यांत हिंसा व शिवराळ भाषा पुष्कळ असल्याने लहान मुलांसमवेत पाहू नयेत. विहारांतील अभ्यासवर्गांनी त्यांतील एखादा भाग निवडून रविवारी चर्चा ठेवावी, आणि ज्या तरुणांना लेखनाची आवड आहे त्यांना कथा-पटकथा लेखनाचे शिक्षण मिळावे म्हणून संस्थांनी शिष्यवृत्तीची तरतूद करावी. वसतिगृहात राहून शिकलेल्या मुलीने लिहिलेली, वस्तीतील माणसे एकमेकांच्या आधाराने उभी राहताना दाखविणारी मालिका येईल, तेव्हा तिचेही परीक्षण आम्ही याच कसोटीवर करू.